जमीन तीन तालुक्यांत, कोर्ट कुठलं? सोलापूर जिल्ह्याचा इतिहास आणि आपले दावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे बार्शी तालुक्यातले, नोकरीनिमित्त बाहेरगावी. पणजोबांची मुख्य जमीन बार्शी तालुक्यात, त्यांनीच घेतलेलं एक रान अक्कलकोट तालुक्यात आणि काही एकर मंगळवेढ्याच्या काळ्या मातीत. पणजोबा १९४४ साली वारले, पणजी त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं होत्या. आता आत्या हिस्सा मागत आहेत, आजोबांच्या बहिणींची मुलंही मागत आहेत. त्यात अक्कलकोटच्या रानाची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने या हंगामात नांगरून टाकली. जुने कागद कुठे मिळतील, कोणत्या कोर्टात जायचं आणि सोलापूर जिल्ह्यात ही सगळी व्यवस्था कशी उभी राहिली, हे त्यांना समजून घ्यायचं आहे.

मी याच जिल्ह्यात दिवाणी आणि महसुली कामं करत आलो आहे. माझं पहिलं सांगणं हेच, की सोलापूर जिल्ह्यात जमिनीचा दावा लढायचा तर आधी आपलं गाव १९४८ पूर्वी कोणाच्या राज्यात होतं ते पाहा. कागद कोणत्या दप्तरात आहे, त्या काळी कोणता कायदा लागू होता आणि वारस कोण ठरले, या तिन्ही गोष्टी त्यावर ठरतात. तुमची जमीन नेमकी तीन वेगवेगळ्या राज्यांतून आलेली आहे, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

आज अकरा तालुक्यांचा हा जिल्हा एकसंध दिसतो, पण तो तुकड्या-तुकड्यांनी जोडला गेला. बहमनींनंतर सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. मग मोगल, निजाम आणि मराठे आले. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पेशवाई संपली. सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, बार्शी हा भाग कंपनीच्या अंमलाखाली आधी आला. १८३८ मध्ये सोलापूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यात इंडी, हिप्परगी, मुद्देबिहाळ हे आजच्या कर्नाटकातले भागही होते. १८६४ मध्ये तो मोडला आणि १८७१ मध्ये पुन्हा बांधला. त्या वेळी पंढरपूर आणि सांगोला सातारा जिल्ह्यातून इकडे आले, १८७५ मध्ये माळशिरस आला. हे तीन तालुके सातारच्या छत्रपतींच्या राज्यातले. ते राज्य खालसा झालं तेव्हा ते इंग्रजांकडे गेले. म्हणून त्या बाजूच्या इनामांची मुळं सातारच्या सनदांत सापडतात.

अक्कलकोटचं वेगळं. तिथे भोसल्यांचं संस्थान. शाहू महाराजांनी राणोजी लोखंड्यांना पदरात घेतलं, फत्तेसिंह भोसले असं नाव दिलं आणि अक्कलकोट त्यांच्याकडे आलं. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तिथे संस्थानाचं दप्तर, संस्थानाची कोर्टं होती. मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात. तोही १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाला. बार्शी मात्र ब्रिटिश मुलखात होती, पण तिच्या भोवती निजामाचा मुलूख पसरलेला होता. बार्शीची शीव ओलांडली की कूळकायदासुद्धा बदलतो. आपल्याकडे १९४८ चा मुंबईचा, पलीकडे धाराशिवकडे हैदराबादचा १९५० चा. बार्शीतल्या घराण्यांच्या जमिनी पलीकडेही असतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

आता इंग्रजांआधी न्याय कसा व्हायचा ते सांगतो, कारण जुने कागद त्याच भाषेत बोलतात. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे, आणि वाद वतनाचा किंवा हद्दीचा असेल तर गोतसभा, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांची न्यायसभा, बसायची. दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घ्यायचे. आज राजीनामा म्हटलं की नोकरी सोडणं डोळ्यांसमोर येतं, तेव्हा त्याचा अर्थ होता की सभा देईल तो निकाल आम्हांला कबूल. मग तकरीर म्हणजे दोन्ही पक्षांचं लेखी म्हणणं, साक्षी, आणि शेवटी महजर म्हणजे सभेचा लेखी निकाल. जिंकणाऱ्याने हरकी नावाची रक्कम भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी नावाचा दंड. तुमच्या घरी मोडीतला असा महजर असेल तर त्याला केवळ शोभेची वस्तू समजू नका. हद्दीच्या आणि देवस्थान इनामाच्या दाव्यांत असे कागद पुराव्यात येतात. फक्त जाणकाराकडून मोडीचं लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागद लॅमिनेट मुळीच करू नका. लॅमिनेट केलेला कागद तपासणाऱ्याला शाई आणि पोत पाहता येत नाही आणि समोरचा वकील तिथूनच संशय उभा करतो.

एल्फिन्स्टनने सुरुवातीला पंचायती चालू ठेवल्या, पण १८२७ च्या रेग्युलेशनांनी जिल्ह्याचा जज्ज आणि त्याच्या हाताखाली मुन्सफ अशी रचना आणली. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने आजची चौकट घातली. जुन्या निकालांच्या नकलांवर ‘फर्स्ट क्लास सबऑर्डिनेट जज्ज’ असं दिसतं, तेच आजचे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. नाव बदललं, कायद्याचा सांगाडा तोच राहिला. खेड्यातले म्हातारे अजून ‘मुन्सफ कोर्ट’ म्हणतात, त्यात चूक काही नाही.

या जिल्ह्याच्या न्यायव्यवस्थेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा काळ १८७९ नंतरचा. पुणे-नगरकडे १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध शेतकरी उठले, वह्या आणि खतं जाळली गेली. त्यातून सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लावला. या कायद्याने कोर्टाला एक विलक्षण अधिकार दिला. सावकाराने खत पुढे टाकलं की ते खरं मानायचं, हा नेम मोडला. खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब काढायचा, व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकायचं नाही आणि गहाण नसलेली जमीन जप्तीत घालायची नाही. गावोगावी तडजोड करणारे नेमले, दस्त गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर करायची सक्ती आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे याच कायद्याखाली आधी सहायक स्पेशल जज्ज होते आणि १८८७ मध्ये स्पेशल जज्ज झाले. चारही जिल्ह्यांतल्या कोर्टांचे निकाल तपासणं हे त्यांचं काम होतं. कर्जबाजारी कुणब्याचा हिशेब कोर्टाने स्वतः मांडायचा, ही कल्पना आजच्या ग्राहक संरक्षणाच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष राबवली गेली याचा मला अभिमान वाटतो.

तुम्हांला त्याचा उपयोग काय? बार्शीच्या जमिनीत एखादी जुनी ‘शर्तीची खरेदी’ आढळली तर ती खरेदी होती की गहाण, हा प्रश्न येतो. त्या काळी सावकार गहाणाला खरेदीचं रूप द्यायचे आणि या कायद्याखाली शेतकऱ्याला तोंडी पुरावा देऊन ते गहाण असल्याचं दाखवता यायचं. आज तसं नाही. १९२९ च्या दुरुस्तीनंतर परत देण्याची अट त्याच दस्तात असेल तरच ते शर्तीच्या खरेदीचं गहाण धरलं जातं. म्हणून दस्ताची तारीख पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

कायद्याचं मूळच शोधायचं झालं तर तेही लांब नाही. एकत्र कुटुंब, जन्मतः मिळणारा हिस्सा, बापाच्या हयातीत मुलाला वाटणी मागता येणं, हे सगळं ज्या मिताक्षरा नावाच्या धर्मशास्त्रावरच्या टीकेवर उभं आहे ती विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारात लिहिली. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोगं. मंगळवेढा ही पुढे त्या कल्याणीचं सिंहासन घेणाऱ्या कलचुरींची जुनी राजधानी. ज्या मातीचा वाद आपण कोर्टात नेतो त्याच प्रदेशात तो कायदा लिहिला गेला.

१९३० बद्दल न लिहिता सोलापूरच्या कोर्टांचा इतिहास पुरा होत नाही. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली आणि गिरणगाव असलेलं सोलापूर पेटलं. जुनी मिल १८७७ ची. तेव्हापासून शहरात कामगारांची मोठी वस्ती होती. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेच्या चौकीत पोलीस मारले गेले आणि लोकांचा राग दारूची दुकानं, पोलीस चौक्या आणि कोर्ट अशा सरकारच्या प्रत्येक खुणेवर निघाला. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य उरलंच नव्हतं. १२ मे रोजी मार्शल लॉ आला. नुसती गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. चौकीतल्या खुनांच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ती अमलात आली. शहराच्या मध्यावरचा चार हुतात्मा चौक त्यांचाच. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी, असे हे चौघे या शहराचेच होते.

वकिलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मार्शल लॉच्या लष्करी कोर्टांनी दिलेल्या शिक्षांविरुद्ध मुंबई हायकोर्टात दाद मागितली गेली. चनाप्पा शांतिरप्पा विरुद्ध सम्राट हे ते प्रकरण. मार्शल लॉ गरजेपोटी असतो आणि ती गरज खरोखर होती का हे पाहणं कोर्टाचं काम, हा मुद्दा त्यात चर्चिला गेला. घटनेचे अभ्यासक आजही तो निकाल वाचतात. सोलापूरच्या तरुण वकिलांनी तो एकदा तरी पूर्ण वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आजची रचना. सोलापूरला जिल्हा व सत्र न्यायालय. बार्शी, पंढरपूर आणि माळशिरस इथे अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश बसतात, म्हणून तिकडच्या लोकांना प्रत्येक अपिलासाठी सोलापूर गाठावं लागत नाही. उत्तर आणि दक्षिण सोलापूरचं काम शहरात चालतं, बाकीच्या तालुक्यांच्या गावी दिवाणी कोर्टं आहेत. तालुक्यातले कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात, त्यामुळे एकाच दालनात सकाळी फौजदारी पुकारा आणि नंतर बांधाचा दावा ऐकू येतो. दावा कनिष्ठ स्तराकडे की वरिष्ठ स्तराकडे, हे त्याचं मूल्यांकन ठरवतं. फौजदारी बाजू १ जुलै २०२४ पासून नव्या संहितांखाली चालते; तुमच्या कामात तिचा संबंध नाही, शेजाऱ्याने मारहाण केली नाही तोवर. सोलापुरात कामगार आणि औद्योगिक न्यायालयंही आहेत, कारण इथे गिरण्या होत्या आणि विडी कामगार महिलांचे ग्रॅच्युइटीचे दावे अजून चालतात. उजनीच्या पाण्याखाली आणि पुढे महामार्गांखाली गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याचे संदर्भ अर्ज हा तर इथल्या दिवाणी कामाचा मोठा हिस्सा राहिला आहे.

कोर्टाला समांतर दुसरी उतरंड महसुलाची: तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी, पुण्याचे विभागीय आयुक्त. लोकांची सगळ्यांत मोठी गल्लत इथे होते. फेरफार म्हणजे मालकी, असं समजून माणसं प्रांताकडे वर्षानुवर्षं अपिलं चालवतात आणि दिवाणी दाव्याची वेळ घालवून बसतात. फेरफाराची नोंद सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. हक्क कोणाचा, हे दिवाणी कोर्टच ठरवतं. त्याला मोठा अपवाद कूळ. तुमच्या जमिनीवर १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषक दिनी, कोणी कूळ होतं का, हा मुद्दा निघाला तर दिवाणी कोर्टाला तो ठरवता येत नाही. तो तहसीलदाराकडे पाठवावा लागतो आणि तोवर दावा थांबतो. म्हणून दावा लावण्याआधीच १९५० च्या दशकातले सातबारे आणि पीकपाहणी काढून ठेवा.

कागद कुठे मिळतील? बार्शीचं सोपं आहे. ब्रिटिश मुलूख असल्याने जुनी पाहणी, टिपण आणि १९०३ च्या कायद्यानंतरची हक्कनोंदणी तिथे सापडते. तहसीलच्या अभिलेख कक्षातून सातबारा, फेरफार (गाव नमुना ६) आणि आठ-अ. भूमी अभिलेखातून टिपण, गुणाकार बुक, आकारफोड हे मोजणीचे, क्षेत्राचे आणि आकारणीचे जुने कागद. एकत्रीकरण झालं असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर जुळवणारा उतारा. या शेवटच्या उताऱ्याशिवाय १९४४ पूर्वीचा कागद आजच्या गटाशी जोडता येत नाही आणि उलटतपासात तुमची साक्ष तिथेच अडकते. अक्कलकोट आणि मंगळवेढ्याच्या बाबतीत विलीनीकरणापूर्वीचा कागद तहसीलमध्ये मिळाला नाही म्हणून तो नाहीच, असं समजू नका. संस्थानांची दप्तरं वेगळ्या मार्गाने गेली. मंगळवेढ्यासाठी सांगली संस्थानच्या कागदपत्रांची चौकशी करा. अक्कलकोटकडे कुठे कुठे कागद कानडीतही निघतात. जुने नोंदणीकृत दस्त मात्र दुय्यम निबंधकाकडे सूची पाहून शोधता येतात. नावावरून शोधताना आडनावाऐवजी ‘बिन’ लावून बापाचं नाव असतं, म्हणून नुसतं आडनाव शोधून हात हलवत परत येऊ नका.

आता तुमच्या वाटणीचा गाभा. १९४४ साली पणजोबा गेले तेव्हा एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याचा हिस्सा देणारा १९३७ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात होता, आणि मुंबई प्रांताने तो शेतजमिनीलाही लावून घेतला होता. म्हणजे बार्शीच्या जमिनीत पणजींना हिस्सा मिळाला. तो हिस्सा त्यांच्या हयातीपुरता होता, पण १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि त्या पूर्ण मालक झाल्या. पुढे त्या वारल्या तेव्हा त्यांचा हिस्सा मुलगे आणि मुली दोघांकडे सारखा गेला. आजोबांच्या बहिणींच्या मुलांचा दावा इथून येतो आणि तो पोकळ नाही. अक्कलकोट आणि मंगळवेढ्याचं मात्र वेगळं होऊ शकतं. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नव्हता. त्या संस्थानाने तो किंवा तसा कायदा १९४४ पूर्वी स्वीकारला होता का, हे तिथल्या राजपत्रांतून दाखवावं लागेल. एकाच पणजीचा हिस्सा एका तालुक्यात ठरलेला आणि दुसऱ्या तालुक्यात वादाचा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण असंच आहे.

आत्यांचं म्हणणं तर आणखी भक्कम. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, केलं, त्यात त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली खरी वाटणी मात्र शाबूत राहते. म्हणून तुमच्या भावकीतले लोक आता म्हणतील की वाटणी केव्हाच झाली होती.

ही गोष्ट कोर्टात कशी फिरते ते एका साक्षीवरून सांगतो. अक्कलकोट भागातला दावा, साक्षीदार एक वयस्कर बाई, बोलणं निम्मं कानडी. समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘तुमच्या दिरांची चूल कधीपासून वेगळी आहे?’ बाई म्हणाल्या, ‘धाकट्या जावेचं लग्न झालं तेव्हापासून.’ ‘रान वेगळं कसता?’ ‘हो, ज्याचं त्याचं वेगळं.’ वकील समाधानाने खाली बसले. मी फेरतपासात परवानगी मागून एकच विचारलं, ‘कर्ज काढताना सोसायटीत सह्या कोणाच्या?’ त्या म्हणाल्या, ‘सगळ्यांच्या, सातबाऱ्यावर नावं सगळ्यांचीच की.’ चूल वेगळी आणि कसणं वेगळं, एवढ्यावर वाटणी शाबीत होत नाही. सोयीसाठी माणसं वेगळं कसतात. वाटणी म्हणजे हिस्से कायमचे ठरले, असा हेतू दिसावा लागतो, आणि तो हेतू सोसायटीचं कर्ज, सारा, पाईपलाईन, विहिरीची पाळी अशा साध्या कागदांत दिसतो. ते कागद गोळा करा. मोठी कागदपत्रं सगळेच आणतात.

दावा कुठे? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ प्रमाणे वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीतली जमीन एकाच दाव्यात घेता येते आणि त्यातला कोणताही तुकडा ज्या कोर्टाच्या हद्दीत असेल तिथे दावा लावता येतो. तुमच्यासाठी बार्शी. तीन तालुक्यांत तीन दावे लावू नका. वाटणीच्या दाव्यात सगळी मिळकत आणि सगळे हिस्सेदार आले पाहिजेत, नाही तर अपुऱ्या वाटणीचा आक्षेप येतो. दाव्यासोबत मनाईचा अर्ज, म्हणजे निशाणी पाच, द्यायला विसरू नका, नाही तर निकाल लागेपर्यंत रान विकलेलं असतं. वादी महिला असेल तर मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, तेव्हा आत्या खर्चाला घाबरतील असं गृहीत धरू नका. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, झाला तरी काम संपत नाही. शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, मोजणी भूमी अभिलेख करतं, आणि दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, तिथेच वर्षानुवर्षं पडून राहते. मोजणीची फी कोणी भरायची यावरून अडलेल्या दरखास्ती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. स्वतः भरा आणि पाठपुरावा करा.

कलम १०० खालचं दुसरं अपील आणि रिट आता कोल्हापूरला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच तिथे बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या हद्दीत. त्याआधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्र काढायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि प्रकरण बोर्डावर पोचलंच नाही म्हणून त्याच रात्री परतायचं, हे आमच्या पक्षकारांचं नशीब होतं. कित्येकांनी चांगली अपिलं केवळ या फेऱ्यांना कंटाळून सोडून दिली. हे बेंच व्हावं म्हणून सहाही जिल्ह्यांतल्या वकिलांनी दशकानुदशकं आंदोलन केलं.

आत्यांशी बोलणी शक्य असतील तर ती आत्ता करा. दावा लागल्यावर लोकअदालतीत झालेल्या तडजोडीविरुद्ध अपील नसतं आणि भरलेली फी परत मिळते. पण तडजोडीच्या नावाखाली हक्कसोडपत्रावर कोणाकडून घाईने सह्या घेऊ नका. ‘वाचून दाखवलं नाही’ ही तक्रार पुढच्या पिढीत दावा होऊन येते.

आणि रस्ता. हे काम वाटणीत मिसळू नका, त्याची जागा वेगळी आणि मुदत तुटपुंजी. पूर्वीपासूनची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अक्कलकोटच्या तहसीलदारांकडे अर्ज करायचा, आणि तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत टळली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो, पण त्यात तहसीलदार शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान पाहून मार्ग ठरवतात. तुम्हांला जुनीच वाट मिळेल याची खात्री नाही. त्या निर्णयावर नाराज असाल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. तुम्ही लिहिलंय की वाट याच हंगामात नांगरली. नेमकी कोणत्या तारखेला, हे गावातल्या माणसाकडून आजच विचारून घ्या, मोबाइलवर फोटो काढून घ्या, पंचनाम्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याला (पूर्वीचे तलाठी) लेखी कळवा आणि त्या तारखेपासून सहा महिने मोजा. बार्शीचा दावा महिनाभर उशिरा लागला तरी चालेल, हा अर्ज नाही.